कंडक्टरभाऊंच्या वाचनालयातली सिरोंचा गाडी

आमच्या सावलीच्या वाचनालयातून पुस्तक नेणं सोपं होतं, परत करणं अवघड. नेताना नुसती सही लागायची. परत करताना मात्र कंडक्टरभाऊ ते पुस्तक हातात घेत, मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटातून एक कोरं तिकीट काढत आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "कुठी उतरले?"

म्हणजे कोणत्या पानावर वाचणं सोडलं. नवा माणूस गडबडायचा आणि सवयीनं सांगून टाकायचा, "पूर्ण वाचलं." मग कंडक्टरभाऊ चष्मा कपाळावर ढकलत. "असं काय जी? मंग शेवटी त्या मास्तराचं काय झालं?" मास्तराचं काय झालं ते अर्थातच माहीत नसायचं. माणूस जमिनीकडे बघू लागे. कंडक्टरभाऊंना राग यायचा तो या खोटेपणाचा. मधेच पुस्तक सोडणाऱ्यावर ते कधी चिडले नाहीत. "मधात उतरनारा बी पॅसेंजरच असते," ते म्हणत. "त्याले काय धक्का मारून पुढं न्याचं? पन कुठी उतरला अन् काऊन उतरला, एवढं तं सांगून जावं मानसानं."

मग त्या तिकिटावर वाचकाकडून त्याचं नाव, उतरल्याचं पान आणि कारणाची एक ओळ लिहून घेत. लिहिता न येणाऱ्याचं स्वतः लिहून घेत, त्याच्याच शब्दांत. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी भेट दिलेल्या जुन्या पंचानं शेवटी तिकिटाला टक्कन भोक पाडत आणि ते पुन्हा पाकिटात ठेवत. पुढचा वाचक ते पुस्तक नेई तेव्हा आधीच्या दहाजणांची तिकिटं त्याच्यासोबत जात. आमच्या गावात पुस्तकाआधी तिकिटं वाचायची पद्धत पडली ती अशी.

ते तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. आयुष्य उभ्यानं गेलं, त्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांना बसता येत नसे. विहाराच्या बाजूच्या खोलीत, जिथे पूर्वी मंडपाचे बांबू आणि मोठी भांडी ठेवत, तिथे त्यांनी वाचनालय काढलं, वाचकांसाठी बाकं करून घेतली, स्वतःसाठी खुर्ची काही आणली नाही. पाय जरा फाकवून, गुडघे किंचित वाकवून, एक हात कपाटाच्या वरच्या दांड्याला धरून ते उभ्या उभ्या वाचत. खोली हलत नव्हती, पण ते हलायचे. चांगला परिच्छेद आला की जास्त हलायचे, असा माझा समज होता. विचारलं तर म्हणाले, "नाई बाई, गुडघे दुखून राह्यले."

खाकी शर्ट सुटला नव्हता. खांद्याला चामड्याची पिशवी, तिच्यात कोरी तिकिटं. दारापासून कपाटापर्यंत त्यांनी दोरी ताणली होती आणि तिच्या टोकाला घंटी. वाचकांची बडबड वाढली की एक टोला, सगळे गप्प. पुन्हा बोलायला परवानगी द्यायची तर दोन टोले. तालुक्याचे साहेब एकदा भेटीला आले आणि अर्धा तास भाषण करू लागले. कंडक्टरभाऊंनी शांतपणे दोरी ओढली. साहेबांना एका टोल्याचा अर्थ माहीत नव्हता, पण समोरचे वीस चेहरे एकदम त्यांच्याकडे वळले ते पाहून ते थांबले. चहा मात्र भाऊंनी त्यांना स्वतःच्या हातानं दिला.

पुस्तकांची मांडणी तर विचारूच नका. ग्रंथालयशास्त्राचा कोणी पदवीधर तिथे आला असता तर रडला असता. फळ्यांना सिरोंच्याच्या वाटेवरच्या थांब्यांची नावं होती. पातळ पुस्तकं 'व्याहाड' नावाच्या फळीवर, कारण व्याहाड जवळ. त्याहून जाड ती 'गडचिरोली', मग 'चामोर्शी', मग 'आलापल्ली'. आणि सगळ्यात जाड, ज्यांना पंधरा दिवस पुरत नाहीत अशी, ती 'सिरोंचा'. शाळेतली मुलं येऊन म्हणत, "भाऊ, एक व्याहाड द्या." परीक्षा संपली की चामोर्शीपर्यंत मजल मारत.

माझी कादंबरी निघाली तेव्हा तिची पहिली प्रत मी त्यांच्याकडे घेऊन गेले. मी गडचिरोलीला एका सरकारी कचेरीत कारकून होते, सावलीहून रोज एसटीनं जाऊन-येऊन. त्या जाण्यायेण्यात, गुडघ्यावर वही ठेवून ती लिहिली होती. कंडक्टरभाऊंनी प्रत हातात घेतली, वजन पाहिलं, शेवटचं पान उघडून आकडा वाचला आणि ती 'सिरोंचा' फळीवर ठेवली. जाडीमुळे ठेवली होती, पण ती जागा दुसऱ्या कारणानंही बरोबर होती. कादंबरी माझ्या आईच्या माहेरची होती. प्राणहितेच्या काठचं, सिरोंच्याकडचं कुटुंब, घरात तेलुगू, शेतात मिरची, वडील लवकर गेलेले आणि सगळ्यांवर करडी नजर ठेवणारा थोरला भाऊ. बाबांची मास्तर म्हणून पहिली नेमणूक त्या गावात झाली. तिथली मुलगी आणि हा सावलीचा बौद्ध मास्तर यांचं जमलं. थोरल्या भावानं नाही म्हटलं, मुलगी तरीही निघून आली, लग्न सावलीला झालं आणि तिच्याकडचं कोणीही आलं नाही. नावं बदलली होती, बाकी फार काही बदललं नव्हतं.

नागपूरच्या एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात 'दक्षिणेकडच्या एका कुटुंबाची प्रांजळ कहाणी' असं म्हटलं होतं. मी ते कात्रण पर्समध्ये ठेवून महिनाभर हिंडले. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं की सावलीत आता सत्कारबित्कार होणार.

सत्कार राहिला बाजूला, तिकिटं सुरू झाली.

पहिले वाचक एक निवृत्त मुख्याध्यापक. उतरले पान चाळीसवर. कारण: 'एका घरात इतकी माणसं, कोण कोणाचं ते वहीत लिहून घ्यावं लागतं.' दुसरे धानाचे शेतकरी, वैनगंगेच्या बाजूला त्यांची शेती. ते उतरले एकाहत्तरवर आणि त्यांचा राग खरा होता. कादंबरीत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असताना मी बाया गुडघाभर पाण्यात उभ्या केल्या होत्या. "बांधीत गुडघाभर पानी असल्यावर पऱ्हे कोन लावते जी? वाहून जाईल ना पूरं! लेखिकेनं कधी चिखलात पाय टाकला का?" नव्हता टाकला. मी तिथेच बाकावर बसले होते. कंडक्टरभाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, जसंच्या तसं लिहून घेतलं आणि भोक पाडलं.

अंगणवाडीच्या एका बाईंनी मात्र मिरचीच्या लोणच्याचं प्रकरण तीनदा वाचलं आणि त्याबरहुकूम लोणचं घातलं. तिकिटावर लिहिलं, 'चांगली आहे. पण ह्यांनी तांब्याभर पाणी पिलं आणि विचारलं हे कोण्या पुस्तकातलं आहे.' पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी एक पोरगी होती. ती एकशे अठ्ठ्याऐंशीवर उतरली. म्हणाली, "हिरोईन लई रडते भाऊ. मी असती तं त्या थोरल्याले तोंडावर सुनावून आली असती." महिन्याभरानं ती परत आली, तेच पुस्तक मागितलं आणि एकशे अठ्ठ्याऐंशीवरूनच पुढे चढली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उलट लिहिलं की, थोरल्याचं काही चुकलं नाही, बाप नसलेल्या घरात कोणीतरी वाईट व्हावंच लागतं. त्यावरून दोन गट पडले. पानठेल्यावर लोक माझ्या मामावरून भांडत होते, आणि तो माझा मामा आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

मला या सगळ्याचा त्रास व्हायचा. घरी येऊन मी त्या शेतकऱ्याला मनातल्या मनात उत्तरं द्यायची. एकदा न राहवून मी कंडक्टरभाऊंना म्हटलं, "भाऊ, तुम्ही वाचली ना? तुम्हाला कशी वाटली, ते तरी सांगा."

"मी ड्युटीवर आहो जी," ते म्हणाले.

"पण मी ऐकू तरी कोणाचं? एक म्हणतो लांबलं, एक म्हणते कमी पडलं."

"तुमी कोनाचंच ऐकू नका. तुमी ड्रायवर आहा. ड्रायवरनं मागं पाहून गाडी चालवाची नसते. मागं कोन बसला, कोनाले उलटी होऊन राह्यली, हे पाहाचं काम माझं."

ते मागे किती नीट पाहत होते, हे मला आईच्या तिकिटावरून कळलं.

त्यासाठी आधी एक कबुली द्यायला हवी. माझ्या जन्मानंतर मामा निवळला होता. लाल मिरचीचं पोतं खांद्यावर घेऊन एक दिवस दारात उभा राहिला, असं आई सांगते. पुढे फोन आले, आणि दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायचा. बाबा गेल्यावर तर तो फोन म्हणजे आईचा आठवड्याचा आधारच झाला. आजी वारली त्या दिवशी, सगळे पांगल्यावर, मामानं आईला सांगितलं होतं की तुझ्या लग्नाच्या दिवशी मी निघालो होतो, गडचिरोलीच्या बसस्टँडपर्यंत आलो, पुढची गाडी पकडायची हिंमत झाली नाही म्हणून परत फिरलो आणि सिरोंच्यापर्यंत रडत गेलो. आईनं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. एका दुपारी डाळ निवडताना ती मला बोलून गेली. मी ते ऐकलं, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसून लिहून काढलं. आईला विचारलं नाही. दोनशे बारावं पान. सगळ्यात चांगलं उतरलेलं पान आहे ते, आणि मी ते चोरलेलं आहे.

सिरोंच्यात आमच्या नात्यातल्या कोणा पोरानं ते पान खताच्या दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. गावात ज्याच्या आवाजानं लोक उठून उभे राहतात तो माणूस एसटीत खिडकीशी बसून रडला, अर्ध्या रस्त्यातून पळून आला, यावर दुकान हसलं. मामानं आईला फोन करून एवढंच म्हटलं, "मी तुला सांगितलं होतं. गावाला नाही." आणि फोन बंद. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचा गेला. आईनं केला तर तो उचलत नसे. चार महिने झाले. मला ती एका शब्दानं बोलली नाही. रविवारी सकाळी फक्त फोन चार्ज करून खिडकीत ठेवायची, जिथे रेंज चांगली येते, आणि साडेअकराला उचलून आत न्यायची. बोलली असती तर बरं झालं असतं. मी तोंड लपवत घरातल्या घरात फिरत होते.

आई वाचनालयाची जुनी वाचक होती. मराठी ती सावकाश वाचते, बोट ठेवून. माझ्या कादंबरीची घरातली प्रत सोडून तिनं वाचनालयातली नेली होती, बहुधा तिकिटांसाठी. ती परत करायला गेली तेव्हा कंडक्टरभाऊंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुठी उतरले बाई?"

"दोनशे बारा."

"काऊन जी? पुढं तं चांगलं आहे."

आईला रडू आलं. कंडक्टरभाऊंनी दोरी ओढून एक टोला दिला आणि सगळ्या वाचकांना बाहेर ओसरीवर काढलं. मग उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं. हे मला भरतीवाल्या पोरीनं सांगितलं, ती बाहेर काढलेल्यांत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात.

"मामाले मराठी वाचता येते का?"

"नाही," मी म्हटलं. "शाळा तेलुगूत झाली. बोललेलं समजतं, थोडं बोलतोही."

"म्हंजे थो गाडीत चढलाच नाई. त्याले एक स्टॉप फक्त ऐकवला कोन्या बदमाशानं, अन् थो बी खाली उभं राहून." त्यांनी पिशवीत माझी कादंबरी टाकली, तिकिटांच्या पाकिटासकट. "पत्ता द्या."

मी नको नको म्हणत होते. मामा भाऊंचा अपमान करील ही भीती होती, आणि आणखी बिघडलं तर आईचं काय, ही त्याहून मोठी. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाले, "तुमी आल्या तं थो तुमच्यावर चिडून मोकळा होईल. मंग ऐकीन कवा?" निवृत्तांच्या पासावर, वयाच्या सत्तरीत, ते सावलीहून सिरोंच्याला एकटे गेले. पुढचं मला थोडं त्यांनी सांगितलं, बरंचसं मामीनं.

मामानं त्यांची ओळख ऐकल्याबरोबर त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला आणि आत जाऊन दार लावलं. कंडक्टरभाऊ रस्त्यावर गेले नाहीत. अंगणातल्या कडुनिंबाखाली उभे राहिले, एक हात फांदीला धरला आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. त्यांचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. खच्चून भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकावर झोपलेल्या माणसाला 'आष्टी आली' हे कळावं म्हणून कमावलेला आवाज होता तो. अंगणात तीन बकऱ्या होत्या. मग शेजारच्या बाया आल्या. मामी पाणी घेऊन आली ती तिथेच थांबली आणि ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना तेलुगूत सांगू लागली.

नवव्या पानावर घरातून आवाज आला, "तो बैल काळा नव्हता!"

कंडक्टरभाऊ थांबले. "मंग कसा होता जी?"

"तांबडा. कपाळावर पांढरा."

कंडक्टरभाऊंनी पिशवीतून तिकीट काढून त्यावर लिहिलं. अठराव्या पानावर आजोबांच्या खाटेची जागा चुकली होती. पंचविसाव्यावर मिरचीचा भाव. तिसाव्या पानाच्या सुमाराला दार उघडलं, कारण आतून ओरडून मामाचा घसा बसला होता. तो येऊन ओट्यावर बसला. मामीनं सांगितलं, की त्यानं कंडक्टरभाऊंनाही खाट दिली, पण ते बसले नाहीत.

चार दिवस वाचन चाललं. जेवण मामाकडेच. दुपारी मिरचीच्या शेतातून आलेली माणसं हातपाय धुऊन सरळ अंगणात येत. खताच्या दुकानात हसलेले दोघंतिघंही आले. शेजारणींनी मामाला आठवणी विचारायला सुरुवात केली आणि तो सांगू लागला. मामी म्हणाली, वडील गेले त्या वर्षीच्या पानाला त्यानं कंडक्टरभाऊंना थांबवलं, विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "हे पोरीनं बरोबर लिहिलंय."

चौथ्या दिवशी दोनशे बारावं पान आलं. कंडक्टरभाऊंनी पुस्तक खाली घेतलं. "इथी थांबू का पुढं चालू? तुमी म्हनान तसं."

मामानं अंगणभर नजर फिरवली. अंगणात चाळीसएक माणसं असतील. "वाचा," तो म्हणाला.

त्यांनी वाचलं. कोणी हसलं नाही. दुकानात एकटं पान ऐकून हसू आलं होतं, पण आता त्या माणसांना ठाऊक होतं की या थोरल्यानं बारा वर्षांचा असताना नांगर धरला होता आणि बहिणीच्या शाळेसाठी स्वतःची शाळा सोडली होती. एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. मामा मात्र जमिनीकडे बघत बसला, आणि त्याचं तोंड आणखीच कडू झालं, असं मामीला वाटलं.

पुस्तक संपल्यावर कंडक्टरभाऊंनी पाकीट उघडलं आणि तिकिटं वाचायला घेतली. लोणच्याचं वाचलं, लोक हसले. भरतीवाल्या पोरीचं वाचलं, तोंडावर सुनावणारं. मामानं मान हलवली. थोरल्याची बाजू घेणारं वाचलं, त्यालाही त्यानं तशीच मान हलवली. मग शेवटचं. ते धान कापायला जाणाऱ्या एका म्हातारीचं होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिच्या नातीनं तिला कादंबरी ऐकवली होती आणि म्हातारी मुद्दाम वाचनालयात येऊन तिकीट लिहवून गेली होती. कंडक्टरभाऊंनी तिच्याच आवाजात वाचलं, "बाकी सारं पटलं. पन थोरला मधातून वापस गेला हे काई मले पटत नाई. एवढ्या दूरून बहिनीच्या लग्नाले आलेला भाऊ, पंगतीत बसल्याबिगर जाते का?"

मामा उठला. नदीकडे चालू लागला. अंधार पडेपर्यंत परतला नाही. परतला तो सरळ आत जाऊन झोपला. सकाळच्या पहिल्या गाडीनं कंडक्टरभाऊ निघाले.

सावलीला उतरून ते घरी न जाता आमच्याकडे आले. पहिल्यांदाच मी त्यांना खाली बसलेलं पाहिलं, आमच्या पायरीवर. "बाई, माफ करा," ते आईला म्हणाले. "चार दिवस गाडी मस्त चालली. शेवटच्या तिकिटानं घात केला. थे वाचाले नोको होतं मी. पन पाकिटातलं एक तिकीट लपवून ठेवनं मले जमत नाई."

आईनं त्यांना चहा दिला. "तुम्ही गेलात हेच खूप झालं, भाऊ," ती म्हणाली. मला मात्र त्या म्हातारीचा फार राग आला. कादंबरीत काय पटतं नि काय नाही हे ठरवणारी ती कोण, असं मी मोठ्यानं म्हणाले. कंडक्टरभाऊंनी कप खाली ठेवला. "थे तिकीट घेतलेली पॅसेंजर हाय," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

पुढे मी बदली होऊन गोंडपिपरीला आले. कंडक्टरभाऊ गेल्या उन्हाळ्यात गेले, झोपेत. लोकांनी खोलीच्या दाराशी फुलं ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी आपणहून दार उघडलं. आता तीन वाचक आळीपाळीनं दोरीपाशी उभे राहतात. भरतीवाली पोरगी भरती झाली, एटापल्लीकडे कॅम्पात आहे, आणि तिथून मोबाइलवर तिकिटं पाठवते, पान नंबरासकट. माझी दुसरी कादंबरी 'चामोर्शी' फळीवर आहे. तिच्यात बांधीतलं पाणी घोट्याइतकं आहे. मी स्वतः उभी राहून पाहिलंय.

पण मला सांगायचंय ते कंडक्टरभाऊ सिरोंच्याहून परतल्यानंतरच्या रविवारचं.

आईनं फोन खिडकीत ठेवला होता, सवयीनं. आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. दहा वाजून गेले होते. फोन वाजला तेव्हा आधी दोघींनाही तो कोणा कंपनीचा वाटला. आईनं नंबर पाहिला आणि तशीच उभी राहिली. मग कानाला लावला.

मला तेलुगू अर्धंमुर्धं समजतं. आई "अन्ना" म्हणाली, म्हणजे दादा, आणि मग नुसती ऐकत राहिली. पलीकडे मामा बोलत होता, न थांबता. मग आईनं विचारलं, "एप्पुडु?" कधी? पुन्हा तेच, "एप्पुडु, अन्ना?" आणि तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज फुटला. ती खाली बसली आणि तिनं चालू फोन तसाच मांडीवर ठेवला. मी घाबरले. "काय झालं? मामी बरी आहे ना?"

"अन्ना परत गेला नव्हता," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"तो सावलीला आला होता. लग्नाला. मला खोटं सांगितलं होतं त्यानं, बसस्टँडवरून फिरलो म्हणून. जेवून गेला आणि माझ्या डोक्यावर आशीर्वादाचा हात ठेवला नाही, हे सांगायची त्याला लाज वाटली. त्यापेक्षा आलोच नाही म्हणणं सोपं वाटलं. लोक हसले ते अर्ध्यातून पळाला म्हणून, आणि खरं सांगून त्यांचं तोंड बंद करता येईना." ती थोडं थांबली. "विहारामागच्या मंडपात, दुसऱ्या पंगतीत बसला होता. डोक्याला दुपट्टा बांधून. त्याला ओळखणारं तिथं कोणी नव्हतंच."

"बाबा ओळखत होते," मी म्हटलं.

"हो." आईनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "आम्ही दोघं पंगतीत वाढायला फिरलो होतो. माझ्या हातात बुंदी. मान खाली, मला नुसत्या पत्रावळी दिसत होत्या. एका पत्रावळीपाशी तुझे बाबा थांबले. मला म्हणाले, 'यांना वाढ.' मी वाढली. त्या माणसानं पत्रावळ पुढं सरकवली, तर बाबा म्हणाले, 'आणखी वाढ.' मी आणखी वाढली. वर पाहिलंच नाही गं मी. आणि बाबांनी मरेपर्यंत मला सांगितलं नाही."

मी तांदळाचं सूप बाजूला सारलं. मांडीवरच्या फोनमधून मामाचा बारीक आवाज येत होता, हलो, हलो, चेल्ली, बहिणी, आहेस का? आईनं फोन उचलून कानाशी धरला, नाक ओढलं आणि तेलुगूत विचारलं. एवढं मला समजलं.

"अन्ना, बुंदी गोड झाली होती का?"